केर्झेनेत्सची लढाई

केर्झेनेत्सची लढाई : (सेचा प्री केर्झेन्त्से). जुन्या रशियन भित्तिचित्रांच्या आणि आयकॉन-चित्रांच्या आधारे तयार केलेला सोव्हिएट सचेतन लघुपट. निर्मितिवर्ष १९७१; निर्मितिसंस्था मॉस्को येथील ‘सोयूझमुल्तफिल्म’; दिग्दर्शक इव्हान इव्हानोव्ह-व्हानो (१९००–८७) आणि यूरी नॉर्स्टाइन (जन्म १९४१); कलादिग्दर्शन आर्काडी त्यूरिन व मरीना सोकोलोव्हा यांचे; संगीत निकोलाय रिम्स्की-कॉर्साकॉव्ह (१८४४–१९०८) याच्या संगीतिकेतून घेतलेले. लघुपटाचा अवधी सु. १० मिनिटांचा असून त्यात संवाद नाहीत. १९७२ मध्ये झाग्रेब येथील सचेतनपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील रशियन चित्रकला त्यात केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. माणसे, घोडे, शस्त्रे, नगरे व झाडे हे सर्वच तिच्या भाषेत बोलतात. अभिजात चित्रांवरून प्रेरणा घेतलेले सचेतनपट पुष्कळ आहेत. परंतु उपासनेसाठी निर्माण झालेल्या आणि स्थिरता हाच जिचा धर्म आहे अशा चित्रशैलीला गती देण्याचे साहस फारच थोड्यांनी केले. ते कितपत सफल झाले, हा या लघुपटाच्या मूल्यमापनातील मुख्य प्रश्न होय.

‘सेचा’ या जुन्या रशियन शब्दाचे नाते तोडणे, छाटणे या क्रियांशी असून त्यातून हातघाईच्या, कत्तलीच्या लढाईचा बोध होतो. केर्झेनेत्स ही नीझ्नी नॉव्हगोरॉड प्रदेशातील अरण्यांतून वाहत जाऊन व्होल्गेला डावीकडून मिळणारी नदी. याच प्रदेशातील स्व्हेत्लोयार नावाच्या सरोवराशी कीटेझ नगरीची दंतकथा निगडित आहे. तेराव्या शतकात बातूखानाच्या सैन्याने रशियन संस्थाने एकामागून एक उद्‌ध्वस्त केली; ४ मार्च १२३८ रोजी सीत नदीकाठी झालेल्या लढाईत व्ह्लादीमिरचा राजा दुसरा यूरी मारला गेला. या आघाताची स्मृती दंतकथेत वेगळ्या रूपाने उरली : शत्रू वेशीपाशी येताच कीटेझ नगरी देवाच्या कृपेने अदृश्य झाली, आणि श्रद्धावंतांना सरोवराच्या तळातून अजूनही तिच्या घंटांचा नाद ऐकू येतो. सतराव्या शतकातील धर्मसुधारणा अमान्य करून केर्झेनेत्सच्या अरण्यात आश्रयाला आलेल्या ‘जुन्या श्रद्धे’च्या पंथीयांमध्ये या कथेचे लिखित रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. पराभूतांनी आणि परागंदा झालेल्यांनी जपलेली ही कथा आहे, हे लघुपटाचा विचार करताना लक्षात ठेवावे लागते.

रिम्स्की-कॉर्साकॉव्हची अदृश्य नगरी कीटेझ आणि कुमारी फेव्ह्रोनिया यांची आख्यायिका ही संगीतिका १९०७ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे प्रथम सादर झाली. तिची संहिता व्ह्लादीमिर बेल्स्की याने लिहिली. तिच्या तिसऱ्या अंकातील दोन प्रवेशांच्या मध्ये, पडदा पडलेला असताना, केवळ वाद्यवृंदाने वाजवावयाचा ‘केर्झेनेत्सची लढाई’ हा भाग येतो. राजपुत्र व्ह्सेव्होलोद आपले मूठभर सैनिक घेऊन नगरीच्या रक्षणासाठी जातो; त्यांतील कोणीही परत येत नाही. रंगमंचावर हे काहीच दिसत नाही, ते फक्त ऐकू येते. सैनिकांचे प्रयाणगीत आणि तातारांच्या दौडत्या घोड्यांची लय यांची झटापट होते. गीत हळूहळू तुटत, खुंटत जाते आणि अखेरीस टापांचा आवाजही दूर विरतो. यातील एक बाब मार्मिक आहे. तातारांसाठी योजलेली धून संगीतकाराने एका रशियन लोकगीतातून घेतली असून ते गीत तातारांच्या कैदेतील दुःखाचे आहे. म्हणजे शत्रू येथे स्वतःच्या नव्हे, तर त्याने ज्यांना लुटले त्यांच्या सुरांत ऐकू येतो.

प्रेक्षकांना न दिसणारी ही लढाई दृश्य करण्याचा मोह चित्रकारांना पूर्वीही झालेला होता. १९११ मध्ये द्यागिलेव्हच्या पॅरिसमधील रशियन कलामहोत्सवात हा संगीतखंड वाजविला गेला, तेव्हा समोर निकोलाय रोएरिख (१८७४–१९४७) याने रंगविलेला भव्य पडदा होता. त्यात तांबड्या रंगाचे प्राबल्य होते. रोएरिखचे उत्तरायुष्य कुलू खोऱ्यातील नग्गर येथे गेल्यामुळे त्याची हिमालयचित्रे भारतीय रसिकांच्या परिचयाची आहेत; मात्र त्याच्या कलेची मुळे प्राचीन रशियन चित्रपरंपरेत होती, हे अनेकदा विस्मरणात जाते. त्या पडद्याने संगीताला चित्राची जोड दिली, पण चित्र स्थिरच राहिले. साठ वर्षांनी लघुपटाने ते चित्र हलविले.

स्थिर चित्र हलविण्याने काय साधते आणि काय गमावते, याविषयी चित्रपटसमीक्षेत बराच ऊहापोह झालेला आहे. चित्राची चौकट पाहणाऱ्याची नजर आत ओढून घेते, तर चित्रपटाच्या पडद्याची कड तीच नजर बाहेरच्या न दिसणाऱ्या अवकाशाकडे लोटते, असे फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याचे म्हणणे होते. त्यामुळे चित्राचे चित्रपटात रूपांतर करताना केवळ तंत्र बदलत नाही, पाहण्याची रीतच बदलते. या अडचणीतून निरनिराळ्या कलावंतांनी निरनिराळे मार्ग काढले. अलँ रेने याने व्हान गॉख (१९४८) आणि गेर्नीका (१९५०) या लघुपटांत चित्रे जागची न हलविता चलच्चित्रक त्यांवरून फिरविला आणि संकलनाच्या साहाय्याने त्यांतून कथन उभे केले. जहांगीर भावनगरी यांनी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी तयार केलेल्या राधा अँड कृष्ण (१९५८) या अनुबोधपटाची जातही हीच. लघुचित्रांतील एकेका तपशिलावर थांबत, पुढे सरकत तो चित्रपट रंगतो, आणि पहाडी शैलीचा नाजूक रेखाविलास त्यात फारसा दुखावला जात नाही. याच्या अगदी उलट टोकाला जोन ग्रॅट्झ या अमेरिकन कलावतीचा मोनालिसा डिसेंडिंग अ स्टेअरकेस (१९९२) हा ऑस्कर-पारितोषिकप्राप्त लघुपट आहे. तेलात मळलेली रंगीत माती फलकावर पसरून, ती चलच्चित्रकासमोर सतत बदलत, तिने एका विख्यात चित्रातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे चित्र उमलविले. त्यातील कौशल्य थक्क करणारे आहे. तथापि प्रत्येक चित्र ओळखू येते न येते तोच वितळून जात असल्याने अखेरीस चित्रांपेक्षा वितळणेच स्मरणात राहते.

केर्झेनेत्सच्या लढाईच्या कर्त्यांचा मार्ग या दोहोंहून निराळा आहे. त्यांनी चित्रांतील आकृती सुट्या केल्या. सपाट, कातरून काढलेल्या आणि सांध्यांवर हलणाऱ्या आकृती चलच्चित्रकाखाली मांडावयाच्या, प्रत्येक चौकटीगणिक त्या किंचित सरकवून टिपावयाच्या, हे तंत्र सचेतनपटांच्या इतिहासात जुनेच आहे. सेकंदास २४ चौकटी या हिशोबाने दहा मिनिटांच्या चित्रपटास १४ हजारांवर चौकटी लागतात. त्या सर्व हाताने हलविलेल्या आकृतींतून निर्माण व्हावयाच्या असतात. कातरलेल्या आकृतीला फारसे वळता येत नाही. ती खोलीत शिरू शकत नाही, डावीउजवीकडे सरकते. तिला छाया-प्रकाशाचा उठाव नसतो. तिचा चेहरा बदलत नाही. इतर विषयांत उणीव ठरणारी ही सर्व लक्षणे आयकॉन-चित्राच्या दृष्टीने मात्र सद्‌गुणच आहेत. माध्यमाची दुर्बलता आणि विषयाची प्रकृती यांचा असा मेळ क्वचितच जमतो, आणि लघुपटाच्या यशाचे निम्मे श्रेय या निवडीलाच दिले पाहिजे.

हा मेळ समजण्यासाठी आयकॉन-चित्राचे स्वरूप थोडे पाहणे आवश्यक आहे. लाकडी फळीवर कापड ताणून, त्यावर खडू व सरस यांच्या लेपाचे थर चढवून, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी ही चित्रे काढीत. त्यांत प्रकाश एका बाजूने येत नाही आणि पडछायाही पडत नाही. सोनेरी वा फिकट पार्श्वभूमी म्हणजे आकाश नव्हे, तर काळापलीकडील स्थान होय. दूरच्या वस्तू लहान होत जाऊन क्षितिजावरील बिंदूत मिळाव्यात, हा युरोपीय प्रबोधनकाळातील यथादर्शनाचा नियम येथे लागू नाही. उलट कित्येकदा पीठासनाच्या वा ग्रंथाच्या कडा मागे जाताना रुंदावत जातात, जणू रेषा पाहणाऱ्याच्या ठायी येऊन मिळतात. पाव्हेल फ्लोरेन्स्की याने १९१९ मध्ये लिहिलेल्या ‘उलटे यथादर्शन’ या निबंधात हे अज्ञान नसून बुद्धिपुरस्सर स्वीकारलेली दृष्टी आहे, असे प्रतिपादन केले. तो निबंध १९६७ मध्ये, म्हणजे प्रस्तुत लघुपटाच्या चारच वर्षे आधी, प्रथम प्रसिद्ध झाला. आयकॉनसमोर उभा राहणारा मनुष्य चित्र पाहतो, त्याहीपेक्षा चित्र त्याला पाहते. अशा प्रतिमेने डोळा मिचकावला वा मान वळविली, तर तिचे पावित्र्य राहू द्या, तिचा अर्थच नाहीसा होण्याची भीती असते.

लघुपटाचा पूर्वार्ध या भीतीची जाणीव ठेवून रचलेला आहे. प्रयाणाच्या दृश्यांत सैनिकांच्या रांगा एकावर एक चढत जातात; शिरस्त्राणांची गोलाई आणि भाल्यांच्या उभ्या रेषा यांतून माणसांची नव्हे, तर एका समूहाची आकृती सिद्ध होते. ही योजना रशियन चित्रकलेत पूर्वीच रूढ होती. नॉव्हगोरॉड आणि सूझदाल यांच्यातील लढाईचे पंधराव्या शतकातील प्रसिद्ध आयकॉन-चित्र एकाखाली एक अशा तीन पट्ट्यांत ती कथा सांगते, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यातील सु. चार मीटर लांबीच्या लढाऊ धर्मसंघ या चित्रात योद्ध्यांचे तांडे स्वर्गीय नगराकडे चाललेले दिसतात. हालचाल अशा चित्रांत आधीपासूनच असते. फक्त ती पाहणाऱ्याच्या नजरेने करावयाची असते. लघुपट तीच हालचाल संथपणे, पट्टीसारखी सरकवितो. निरोपाच्या प्रसंगी मूल उराशी धरलेल्या स्त्रिया दिसतात. त्यांच्या मुद्रेवर शोक रंगविलेला नाही. मान कललेली, डोळे मोठे व शांत, ही देवमातेच्या प्रतिमेची ठरलेली ठेवण. येथे चित्र जवळजवळ हलत नाही, आणि प्रेक्षकाच्या मनावर सर्वांत खोल ठसा याच दृश्याचा उमटतो. आयकॉनमधील मातेला आपल्या मुलाचे पुढील भवितव्य ठाऊक असते, असे ख्रिस्ती परंपरा मानते. त्या ठेवणीत उभी केलेली खेड्यातील स्त्री नवऱ्याला निरोप देते, तेव्हा त्या जाणिवेची छाया आपोआप तिच्यावर पडते. त्यासाठी कथेला एक शब्दही खर्ची घालावा लागत नाही. रंगांचे पोपडे, जुनेपणाने आलेला भिंतीचा खरखरीतपणा हेही कर्त्यांनी पुसून टाकले नाही. त्यामुळे आपण घटना पाहत नसून तिची शतकानुशतके जपलेली आठवण पाहत आहोत, असा भास सतत होत राहतो.

प्रत्यक्ष लढाईच्या भागाविषयी मात्र इतके निःशंकपणे बोलता येत नाही. तातार स्वार गडद रंगांत, वेगाने, लोंढ्यासारखे येतात. रशियन योद्ध्यांची घट्ट रचना मोडते. दृश्ये तोकडी होत जातात आणि संकलनाचा वेग संगीताच्या वेगाशी स्पर्धा करू लागतो. येथे आदर्श आयकॉन-चित्रांचा राहत नाही, तर सर्ग्येई आयझेन्स्टाइनच्या अलेक्झांडर नेव्हस्की (१९३८) या चित्रपटातील गोठलेल्या सरोवरावरील लढाईचा आठवतो. आयझेन्स्टाइनच्या लेखनाचा नॉर्स्टाइनवर गाढ संस्कार होता, तेव्हा हे आश्चर्यकारक नाही. मुद्दा आहे तो सुसंगतीचा. आयकॉन-शैलीत दोन आकृतींची टक्कर दाखविता येते. पण टक्करीचा आवेग दाखविता येत नाही, कारण तिच्यात वजन आणि खोली नसते. आवेग आणण्यासाठी दिग्दर्शकांना चित्रे भराभर बदलावी लागली, आणि ज्या क्षणी चित्र पाहण्यास अवधी उरत नाही त्या क्षणी ते जुने आहे की नवे, आयकॉन आहे की केवळ कातरलेला कागद, हे महत्त्वाचे राहत नाही. त्या अर्थाने लघुपटाचा सर्वांत गतिमान भाग हाच त्याचा सर्वांत सामान्य भाग आहे. याउलट असेही म्हणता येईल, की पावित्र्याची स्थिर प्रतिमा भंगणे हाच लढाईचा अर्थ असून शैलीचे फुटणे येथे आशयाला धरून आहे. हा युक्तिवाद एका मर्यादेपर्यंत पटतो. परंतु संगीतात जो एक स्वर खुंटत गेल्याचे ऐकू येते, त्याला तोडीचे असे एखादे चित्र या घाईत सापडत नाही. मूळ संगीतिकेत पडद्यामागे राहिलेली लढाई दाखविल्याने लहान झाली काय, अशी शंका येथे राहून जाते.

याहून गंभीर प्रश्न श्रद्धेचा आहे. सोव्हिएट राजवटीत चर्चवास्तू बंद झाल्या, अनेक पाडल्या गेल्या. ख्रुश्चॉव्हच्या काळात, १९५९ नंतर, धर्मविरोधी मोहिमेला नवा जोर आला होता. त्याच वेळी आयकॉन-चित्रे संग्रहालयांत राष्ट्रीय कलावारसा म्हणून प्रतिष्ठा पावत होती. काळवंडलेल्या रोगणाच्या थरांखालून मूळचे तेजस्वी रंग प्रथम विसाव्या शतकाच्या प्रारंभीच बाहेर आले. अंद्र्येई रुब्ल्योव्हच्या त्रिमूर्ती या चित्राची सफाई १९०४ मध्ये सुरू झाली. मॉस्कोतील अंद्रोनिकोव्ह मठात रुब्ल्योव्हच्या नावाचे संग्रहालय १९६० मध्ये लोकांना खुले झाले. १९६९ मध्ये व्ह्लादीमिर सोलोऊखिन याने खेडोपाडी अडगळीत पडलेल्या आयकॉन-चित्रांच्या शोधाविषयी लिहिलेले काळ्या फळ्या हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अंद्र्येई तारकोव्हस्कीचा अंद्र्येई रुब्ल्योव्ह १९६६ मध्ये पूर्ण होऊनही रशियात प्रदर्शित झाला तो १९७१ च्या अखेरीस. म्हणजे आयकॉन-चित्र हे कलावस्तू म्हणून मान्य, उपास्य म्हणून अमान्य, अशा विचित्र अवस्थेत असताना हा लघुपट निर्माण झाला. तारकोव्हस्कीने आपल्या कृष्णधवल चित्रपटाच्या अखेरीस एकदम रंग आणून रुब्ल्योव्हची चित्रे दाखविली. ती त्याने हलविली नाहीत, त्यांच्या अगदी निकट जाऊन चलच्चित्रक तेवढा सरकविला. त्या दोन कृती एकाच वर्षी लोकांपुढे आल्या, हा योगायोग असला तरी उद्‌बोधक आहे. एकीत चित्राला हात लावावयाचे धैर्य नाही, दुसरीत आहे. आणि दोहोंच्या मुळाशी असलेला आदर सारखाच आहे.

दंतकथेचे हृदय जो चमत्कार, त्याचे लघुपटात काय झाले? संगीतिकेत सोनेरी धुके नगरीला झाकून टाकते. शत्रू सरोवराच्या काठी पोहोचतात, तेव्हा समोरचा काठ रिकामा आणि पाण्यात मात्र नगरीचे प्रतिबिंब, हे पाहून भयभीत होऊन ते पळत सुटतात. सचेतनपटाला याहून अनुरूप प्रसंग कल्पिता येणार नाही. पाणी, प्रतिबिंब व अदृश्य होणे ही तर या माध्यमाची सहज सामर्थ्ये आहेत. असे असूनही कर्त्यांनी चमत्काराला मध्यवर्ती स्थान दिलेले नाही. लढाई आणि विध्वंस यांनंतर ते वळतात ते शेताकडे, राबणाऱ्या माणसांकडे, पुन्हा सुरू झालेल्या जीवनाकडे. देवाने नगरी वाचविली असे न म्हणता माणसांनी ती पुन्हा पेरली, असे हा शेवट सुचवितो. तो अधिकृत विचारप्रणालीस सोयीचा होता, यात संशय नाही, आणि त्यातील उजळपणा काहीसा घाईने आल्यासारखाही वाटतो. ज्या संगीताने नुकताच सर्वनाश ऐकविला, त्याच्यापाठोपाठ हा दिलासा प्रेक्षकाला पूर्णपणे स्वीकारता येत नाही. तरीही हा शेवट केवळ तडजोड म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. आयकॉन-चित्रांच्या रंगांत नांगर आणि पीक रंगविले, की त्यांनाही त्या रंगांचा अर्थ चिकटतो. देव्हाऱ्यातून काढून घेतलेले तेज कर्त्यांनी मातीला दिले. श्रद्धेचा आशय वगळून श्रद्धेचे रूप तेवढे घेता येते, असा ज्यांचा समज असेल, त्यांना या दृश्यांत त्याचे उत्तर मिळते : रूप आपला आशय सोबत घेऊनच येते.

याला आणखी एक ऐतिहासिक पदर आहे. कथानक तेराव्या शतकातील आणि चित्रभाषा त्यानंतरच्या शतकांतील, ही कालविसंगती सकृद्दर्शनी दोषास्पद वाटेल. परंतु चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि पंधरावे शतक हा रशियन चित्रकलेचा बहराचा काळ होय. ग्रीक थिओफनीझने नॉव्हगोरॉड येथील भित्तिचित्रे १३७८ मध्ये रंगविली, कुलिकोव्होची लढाई १३८० मध्ये झाली, रुब्ल्योव्हचे कर्तृत्व त्याच्या लगतचे, आणि द्योनिसीने फेरापोंतोव्ह मठातील भित्तिचित्रे १५०२ मध्ये काढली. ही चित्रे विध्वंस पाहिलेल्यांची नव्हेत, त्यातून तरलेल्यांच्या वंशजांची आहेत. पराभवाची कथा त्या रंगांत सांगितली, की तिच्यात पुढची शतके आपसूक मिसळतात. लघुपटाचा आशावाद जेथे कथेतून सिद्ध होत नाही, तेथे तो रंगांतून सिद्ध होतो, असे म्हणता येईल.

दोन दिग्दर्शकांच्या वाट्यांची चर्चा पुष्कळदा होते. इव्हानोव्ह-व्हानो हा सोव्हिएट सचेतनपटाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. कुबडा घोडा (१९४७) या त्याच्या चित्रपटात रशियन लोककलेचा अलंकरणात्मक उपयोग दिसून येतो. नॉर्स्टाइन त्याच्याहून एकेचाळीस वर्षांनी लहान. चित्रांतून चित्रपट घडविण्याचा प्रयोग त्याने यापूर्वीच त्यूरिनच्या सहकार्याने पंचवीस ऑक्टोबर, पहिला दिवस (१९६८) या लघुपटात केला होता. त्यात क्रांतिकालीन रशियन आधुनिक चित्रकारांच्या शैली व शोस्टाकोव्हिचचे संगीत यांची सांगड होती, आणि त्याचा शेवट अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून बदलावा लागला होता. केर्झेनेत्सच्या लढाईतील भव्य मांडणी, समूहदृश्ये आणि राष्ट्रीय गाथेचा सूर ज्येष्ठ दिग्दर्शकाच्या प्रकृतीशी जुळणारा आहे; निरोपाच्या दृश्यातील संयम धाकट्याच्या पुढील कृतींशी नाते सांगतो. हे वाटप अर्थातच काटेकोर मानता येणार नाही.

पुढील कृतींत नॉर्स्टाइनने विख्यात चित्रांचा उघड आधार घेणे जवळजवळ सोडूनच दिले. धुक्यातील साळू (१९७५) व कथांची कथा (१९७९) या लघुपटांत काचेच्या एकावर एक थरांवर मांडलेल्या आकृतींतून त्याने धूसर, खोल अवकाश निर्माण केला. आयकॉनच्या सपाट जगाहून तो सर्वस्वी भिन्न आहे. तथापि कथांची कथा या लघुपटात आईच्या स्तनाशी बिलगलेले मूल पुन्हा येते, आणि युद्धावर जाणाऱ्यांचा निरोपही येतो. दिव्याखाली जोडपी टँगोच्या सुरांवर नाचत असतात. सूर मध्येच अडखळतो आणि प्रत्येक अडखळण्यासरशी एकेक पुरुष नाहीसा होतो. स्त्रिया रिकाम्या हातांनी तशाच उभ्या राहतात. नंतर त्रिकोणी घड्या घातलेली पत्रे वाऱ्यावर उडत येतात. लढाईचे एकही दृश्य तेथे नाही.